ढग बरे आहेत

दीपमालाला कोणी खालच्या आवाजात बोललं की ती जास्त लक्ष देऊन ऐकते आणि मोठ्याने बोललं की ऐकतच नाही. वऱ्हाडातल्या कारंज्याच्या शाळामास्तरांची मुलगी, त्यामुळे ओरडा ऐकायची सवय लहानपणापासून. पुण्यात आल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की माणसाचा पाणउतारा अगदी हळू आवाजात, ‘अहो’ म्हणून, हसतमुखानेही करता येतो. त्याचा तिला जो राग आला तो अजून आहे. ही त्या रागाची गोष्ट आहे.

२००५ साली आम्ही दोघी कोथरूडला एका सोसायटीत भाड्याने राहायचो आणि हिंजवडीच्या एकाच कंपनीत कामाला होतो. मी कोड लिहायचे, ती तो तपासायची. तिच्या टेबलावर आलेला प्रोग्रॅम निमूटपणे पास झाला असं सहसा व्हायचं नाही. "तुला काय वाटतं ते सांगू नको, लॉगमध्ये काय आलंय ते दाखव," हे तिचं ठरलेलं वाक्य. लॉग म्हणजे प्रोग्रॅम चालताना मशीनने स्वतः केलेली नोंद.

तेव्हा रोज नव्या विमान कंपनीची जाहिरात यायची. ज्यांच्या घरात कोणी एसटीच्या पुढे गेलं नव्हतं, अशी मुलं पायलट व्हायची स्वप्नं बघायला लागली होती. दीपमालाने स्वप्न वगैरे बघितलं नाही. एका रविवारी ती मला स्कूटीवर बसवून दिवे घाट चढली आणि सासवडच्या अलीकडे एका माळावर घेऊन गेली. तिथे हिंमतराव नावाच्या माणसाने आयटीवाल्यांना जमिनी विकून आलेल्या पैशांतून धावपट्टी बांधली होती आणि दोन जुनी छोटी विमानं घेऊन फ्लाइंग स्कूल सुरू केलं होतं. मीही नाव घातलं. पाच-सहा धड्यांनंतर माझे कान इतके दुखायला लागले की मी सोडून दिलं. ती राहिली. मी मात्र रविवारी सोबत म्हणून जात राहिले, कारण तिथल्या नंदाताईंच्या टपरीवरचा चहा चांगला होता.

शिकवायला बेहेरे सर होते. शरच्चंद्र बेहेरे, नारायण पेठ. पन्नाशी उलटलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, उन्हातही न उतरणारी टोपी. विमान उत्तम चालवायचे. हे मी नाइलाजाने लिहिते आहे, पण खरं आहे.

सरांचा एक रिवाज होता. शेडच्या भिंतीवर काळा फळा होता. एकट्याने उडायला गेलेला विद्यार्थी ठरलेली फेरी पूर्ण न करता अर्ध्यातून परत आला, तर त्याने सगळ्यांना चहा पाजायचा आणि सर त्याच्या नावाने फळ्यावर एक ओळ लिहायचे. ती ओळ पुढचा कोणी परत येईपर्यंत राहायची. एकदा एक मुलगा वारा जास्त आहे म्हणून परत आला, तर सरांनी लिहिलं, ‘आईने लवकर ये म्हणून सांगितले होते.’ सगळे पोट धरून हसले. तो मुलगाही हसला. पुढच्या वेळी याहून जास्त वारा असताना तो पूर्ण फेरी मारून आला आणि उतरताना विमानाचं चाक वाकवलं. त्याबद्दल मात्र सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. फळा परत येणाऱ्यांसाठी होता.

ऑक्टोबरमध्ये दीपमालाची फेरी होती. माळावरून निघायचं, पुरंदरच्या डोंगराशेजारच्या खिंडीतून दक्षिणेला जायचं, वीर धरणाचं पाणी दिसलं की जेजुरीवरून वळून परत. ती एकटी निघाली तेव्हा आकाश स्वच्छ होतं. पाऊस संपलेला, पण डोंगराला अजून ओल होती, आणि अशा दिवसांत ऊन चढलं की त्या ओलीचे ढग व्हायला फार वेळ लागत नाही. हे पुस्तकात असतं. सरांनी कधी सांगितलं नव्हतं.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. खिंडीच्या तोंडाशी तिला पांढऱ्या चिंध्या दिसल्या. मधून पलीकडचं हिरवं रान दिसत होतं. तिला परत वळावंसं वाटलं आणि त्याच क्षणी फळा दिसला. "ढग दिसला नाही मला, फळा दिसला," असं ती म्हणाली. आपल्यावर काय ओळ येईल याचाही तिने विचार केला. ‘वऱ्हाडात डोंगर नसतात’ असं काहीतरी. ती पुढे गेली.

चिंध्या एकमेकींना मिळाल्या आणि सगळं पांढरं झालं. वर, खाली, समोर, एकच पांढरं. पांढऱ्या चादरीत तोंड खुपसून बघावं तसं. विमान सरळ जातंय असं तिला वाटत होतं, अगदी खुर्चीत बसल्यासारखं. पण वाऱ्याचा आवाज वाढत चालला होता. तिने डायलकडे बघितलं. डायलमधलं चिमुकलं विमान एका पंखावर कललेलं होतं, उंची उतरत होती. ती गोल फिरत डोंगराकडे चालली होती आणि शरीर सांगत होतं, सगळं ठीक आहे.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग काय. मनाला वाटतंय तो रिपोर्ट, डायल दाखवतोय तो लॉग. लॉग धरला."

तिने पंख सरळ केले. आता शरीर ओरडायला लागलं की आपण उलटे होतोय. पण डायलवरची नजर तिने काढली नाही. नाक वर धरलं, चढत राहिली, आणि पुरेसं चढल्यावर एकदम निळं आकाश आलं. ढग खाली राहिला. पलीकडे वीरचं पाणी चमकत होतं. ती जेजुरीवरून वळून आली.

इकडे माळावर आम्हाला खिंड भरलेली दिसत होती. रेडिओवर सरांनी तिला दोन-तीनदा हाक मारली. उत्तर नाही. ढगात ती माइकला हातच लावत नव्हती, हे नंतर कळलं. मी सरांकडे बघत होते. ते उठले, फळ्यापाशी गेले आणि जुनी ओळ ओल्या फडक्याने पुसली. नीट, कोपऱ्यांपर्यंत. मग फडकं वाळत टाकून परत रेडिओपाशी येऊन बसले. नंदाताईंनीही ते बघितलं.

दीपमाला उतरली तेव्हा तिचा कुर्ता पाठीला चिकटला होता. सर म्हणाले, "या. आपल्याला परत यायचं कळत नाही का हो?"

"सर, परत आले असते तर तुम्ही फळ्यावर लिहिलं असतं."

"फळा? कसला फळा?" त्यांनी कोऱ्या फळ्याकडे हात केला. "गंमत असते ती, दीपमालाबाई. गमतीपायी कोणी जीव द्यायला जातं का? आपल्या चुकीला दुसऱ्याची खुंटी शोधू नये."

मग त्यांनी खडू घेतला आणि सगळ्यांसमोर लिहिलं: ‘कु. दीपमाला ढगांना भेटून आल्या. ढग बरे आहेत.’

हशा झाला. एवढ्या भीतीनंतर माणसं कशालाही हसतात. ती हसली नाही. सरांनी हिंमतरावांना सांगितलं की मुलीला शिस्त नाही, हिला सहा महिने एकटं सोडणार नाही. वर तिच्या वडिलांना फोन करून कळवलं. रावसाहेब मास्तर दुसऱ्या दिवशी रेल्वेत बसले आणि कोथरूडला येऊन आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून म्हणाले, "काऊन वं, मरायले पाठवलं होतं का तुले? ते सर भले माणूस म्हनून फोन तरी केला."

ते ‘भले माणूस’ तिच्या जास्त जिव्हारी लागलं. वडील झोपल्यावर मी तिला फळा कोणी आणि कधी पुसला ते सांगितलं. ती म्हणाली, "सर एकदा म्हणू देत की फळ्यामुळे झालं. मला बाकी काही नको. पण ते वदवून घेईन."

तिने ते स्कूल सोडलं, पण उडणं सोडलं नाही. नोकरीतून बिनपगारी रजा काढून विदर्भातल्या एका क्लबमध्ये शिकली, लायसन्स मिळवलं, मग शिकवण्याची परवानगीही. तोवर मंदी आली. विमान कंपन्यांनी भरती थांबवली आणि शिकवणारे वैमानिक चहाच्या टपऱ्यांवर बसून एकमेकांना नोकऱ्या विचारायला लागले. ती हिंजवडीत परत कामाला लागली. अशात एके दिवशी तिला हिंमतरावांचा फोन आला. विद्यार्थी होते, सर एकटे पुरे पडत नव्हते.

"जुनं काय मनात ठिवू नको पोरी," हिंमतराव म्हणाले. "शनिवार-रविवार येत जा. जागा हाय."

"मनात काही नाही," ती म्हणाली. फोन ठेवून तिने मला सांगितलं, "सगळं आहे."

सरांनी स्वागत केलं. "वा. ढगांशी ओळख असलेलं माणूस आपल्याला हवंच होतं."

ती "हो सर" म्हणाली आणि कामाला लागली. तिचे विद्यार्थी परत यायचे तेव्हा ती स्वतः चहा सांगायची आणि म्हणायची, "बरं केलंस." पण फळा तिने काढायला लावला नाही. हिंमतरावांनी एकदा विचारलंही, "ही पाटी काढू का? पोरं कंटाळलीत." ती म्हणाली, "राहू द्या." तिच्या पर्समध्ये एक खडू असायचा. एकदा मी तो लिपस्टिकबरोबर पडलेला बघितला आणि विचारलं. ती म्हणाली, "सरही कधीतरी अर्ध्यातून परत येतील."

साधारण वर्षभराने ते आले. पाऊस नुकताच ओसरला होता. एका विमानाचं इंजिन दुरुस्त होऊन आलं होतं आणि अशा वेळी सर स्वतः एकटे एक फेरी मारून बघायचे. तीच फेरी. शेडमध्ये दीपमाला ड्यूटीवर होती, तिचे तेजस आणि कादंबरी हे विद्यार्थी होते, हिंमतराव खुर्ची टाकून बसले होते. मी चहा पीत होते. खिंडीवर पांढरं धरायला लागलं होतं. रेडिओवर सरांचा आवाज आला, "खिंडीत दृश्यता नाही. परत येतोय."

अगदी योग्य निर्णय. कोणत्याही पुस्तकात हेच लिहिलेलं असतं.

"नंदाताई," दीपमालाने हाक मारली, "सगळ्यांना चहा. बेहेरे सरांच्या नावावर."

विमान धावपट्टीवर टेकायच्या आत तिने फळ्यावर लिहून टाकलं होतं: ‘बेहेरे सर ढगांच्या दारापर्यंत जाऊन आले. बेल वाजवली नाही.’

सर आले, वाचलं. तेजस हसला, मग कादंबरी हसली, मग हिंमतरावांच्याही मिशा हलल्या. सरांच्या विद्यार्थ्यांपैकी दोघं मागे उभे होते, तेही. सरांनी टोपी काढून घाम पुसला. साठीला आलेल्या माणसाचा चेहरा एवढा लाल होताना मी पहिल्यांदा बघितला.

"अक्षर सुधारलं तुमचं," ते म्हणाले.

"पुण्यात राहून सुधारलं, सर. घ्या ना चहा."

त्यांनी कप हातात घेतला आणि परत ठेवला. "झाकून ठेवा. गार व्हायच्या आत येतो." टोपी घातली आणि ते विमानाकडे चालायला लागले.

"सर, ऱ्हाऊ द्या की," हिंमतराव उठले. "गंमत केली पोरीनं."

"गंमतच असते ती," सर वळून न बघता म्हणाले.

त्या दिवशी ड्यूटीवर दीपमाला होती. कोणी उडायचं आणि कोणी नाही हे तिच्या शब्दावर होतं. मी तिचा दंड धरला. "अगं थांबव त्यांना. खिंड बघ."

"बघितली."

"मग?"

"मला कोणी थांबवलं होतं?"

विमान उडालं. खिंड आता भिंतीसारखी पांढरी होती. रेडिओ शेडमधल्या स्पीकरला जोडलेला होता, सगळ्यांना ऐकू यायचा. थोड्या वेळाने सर म्हणाले, "खिंडीत शिरतोय." मग बराच वेळ नुसती खरखर. मग, "दीपमाला." ‘बाई’ नाही, ‘अहो’ नाही. "मला काही दिसत नाहीये."

तिने माइक उचलला. तिचा आवाज ऑफिसात असायचा तसा होता. "डायल बघा सर. पंख सरळ करा."

"सरळच आहेत. डावीकडे वळतंय असं वाटतंय."

"वाटतंय ते सोडा. डायल काय म्हणतो?"

"उजवीकडे कललोय."

"मग उजवीकडे कललाय. सरळ करा. केले? आता चढा. डोंगरापेक्षा वर या, मग सांगा."

नंदाताई किटली धरून दारात उभ्या होत्या. अखेर सरांनी उंची सांगितली. डोंगराच्या बरीच वर. आता ते आपटणार नव्हते, पण पांढऱ्यातच होते आणि आवाज धड येत नव्हता. पंखांना सरळ धरून ठेवणं त्या वयात किती वेळ जमतं कोण जाणे. दीपमाला शेडच्या बाहेर आली, माइकची वायर पुरेल तेवढी. तिथून ढगाची पूर्वेकडची कड स्पष्ट दिसत होती. पलीकडे जेजुरीवर लख्ख ऊन होतं.

"सर, मोकळं कुठे आहे ते मला इथून दिसतंय," ती म्हणाली. "त्याआधी एक सांगा. त्या ऑक्टोबरात मी ढगात का शिरले?"

स्पीकर खरखरला. हिंमतराव पुढे झाले. "पोरी, आधी त्यास्नी खाली आण."

"आणते. उत्तर येऊ दे."

"अगं ए," मी म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"दीपमाला, ही वेळ नाही," सर म्हणाले.

"हीच आहे. खाली आलात की तुम्ही चांगलं बोलता."

मी तिच्या हातातला माइक ओढून घ्यायला हवा होता का, असं लोक विचारतात. माइक घेऊन मी काय सांगितलं असतं? कड मलाही दिसत होती, पण आतल्या माणसाला वळवायचं कसं हे तिलाच येत होतं. हे तिलाही माहीत होतं.

शेवटी सरांचा आवाज आला. "फळ्यामुळे. परत येणाऱ्यांची मी थट्टा करायचो, म्हणून तुम्ही परत आला नाहीत."

"आणि जुनी ओळ कोणी पुसली?"

"मी."

"कधी?"

"तुम्ही दिसेनाशा झाल्यावर. मला वाटलं, तुम्ही गेलात."

तेजसने मान खाली घातली. दीपमालाने डोळे मिटले आणि उघडले. मग तिने लगेच, एका दमात सांगितलं, "डावीकडे हळू वळा, नव्वद अंशांवर. पूर्वेला मोकळं आहे. डायल सोडू नका. मी आहे इथे, बोलत राहते." आणि ती खरंच बोलत राहिली, उंची, वेग, दिशा, पाळण्यातल्या मुलाशी बोलावं तितक्या सबुरीने. थोड्याच वेळात जेजुरीच्या बाजूला पांढऱ्यातून विमानाचा ठिपका बाहेर आला.

सर उतरले. चालताना त्यांचा एक पाय ओढल्यासारखा पडत होता. ते थेट नंदाताईंकडे गेले, सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले आणि बाकावर बसले. दीपमाला त्यांच्याजवळ गेली नाही.

हिंमतराव तिला बाजूला घेऊन म्हणाले, "तू त्यास्नी वाचवलंस म्हनू, का मारायला निघालीस म्हनू? मला कळत न्हाई. पन माझ्या माळावर असला खेळ नको. उद्यापास्नं येऊ नकोस."

"चालेल," ती म्हणाली.

"हिंमतराव, चूक माझी होती," सर बाकावरून म्हणाले.

"ती ऐकली आम्ही, सर. स्पीकरवर."

परत येताना ती स्कूटी चालवत होती आणि दिवे घाटात शीळ घालत होती. मी मागे बसून तिच्यावर चिडले होते. हडपसरला सिग्नलवर मी म्हणाले, "ते मेले असते तर?"

"मी नसते मरू दिलं."

"पण त्यांना ते माहीत नव्हतं."

"नव्हतं ना," ती म्हणाली, आणि तिच्या पाठीवरूनच मला कळलं की ती हसते आहे.

शिकवण्याचं काम पुन्हा मिळायला तिला खूप दिवस लागले. माळावरची गोष्ट सगळीकडे पोचली होती आणि विमानं चालवणाऱ्यांत अशी बाई कोणाला नको होती. त्याचा तिला त्रास झाला, पण पश्चात्ताप झालेला मी बघितला नाही. वडिलांना मात्र तिने स्वतः फोन करून सगळं सांगितलं. मास्तर ऐकून म्हणाले म्हणे, "मंग तो भला माणूस नोयता." एवढ्यावर ती दोन दिवस खूश होती.

बेहेरे सरांनी त्याच वर्षी उडणं थांबवलं. गेल्या महिन्यात मला त्यांचा फोन आला. आवाज खूप म्हातारा झालाय. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "दीपमालाबाईंचा नवा नंबर असेल तुमच्याकडे. एकदा बोलायचं होतं. तेव्हा रेडिओवर घाईत झालं सगळं."

मी तिला विचारून सांगते म्हणाले. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन विचारलं. ती कांदा चिरत होती.

"देऊ नको."

"अगं, माफी मागायची असेल त्यांना."

"तेच तर. माफी मागतील, आणि म्हातारं माणूस म्हटल्यावर मला ‘असू द्या सर’ म्हणावं लागेल." तिने सुरी ठेवली नाही. "मला नाही म्हणायचं."

मी नंबर दिला नाही.